लांडग्याच्या नावावर

डॉ. हर्षाली बोरस्तेने लांडग्याच्या बरगडीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि ठोके ऐकता ऐकता हिशेब केला. हा जगला तर वनखात्याचा. पिंजऱ्याचं दार उघडताना साहेबांचा हात दिसेल, गवतातून पळणारा लांडगा दिसेल, आणि तिचं नाव आलंच तर ‘पशुवैद्यकीय पथक’ एवढ्यात मावेल. मेला तर मात्र तो तिचा.

कारण मेलेल्या नराच्या वृषणातून काही तासांच्या आत जिवंत शुक्राणू काढता येतात. ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले की वर्षानुवर्षं टिकतात. माळावरचे लांडगे कमी होत चाललेले, उरलेले गावकुत्र्यांत मिसळत चाललेले. अशा वेळी एका अस्सल नराचं बीज राखून ठेवणं म्हणजे काय, हे नाशिकच्या त्या उपचार केंद्रातल्या प्रत्येकाला भाषणापुरतं ठाऊक होतं. हर्षालीला ते नोकरीपुरतंही ठाऊक होतं. ‘वन्यजीव रेतपेढी’ नावाच्या प्रकल्पावर ती कंत्राटी डॉक्टर होती आणि पेढीत आजवर ठेव म्हणावी असं काही पडलेलं नव्हतं. दिवाळीनंतर निधी देणाऱ्या संस्थेची माणसं बघायला येणार होती. दाखवण्यासारखं काही असलं तर प्रकल्प तीन वर्षं वाढणार आणि ती त्याची प्रमुख होणार. नसलं तर ज्या पोल्ट्री कंपनीतून ती मालकाच्या तोंडावर राजीनामा टाकून बाहेर पडली होती, त्याच मालकाकडे परत जाऊन पिलांच्या लसी मोजायच्या.

हिशेब केला म्हणून उपचारात कसर केली नाही, हेही तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. सलाइन लावलं, वेदनाशामक दिलं, मोडलेल्या कमरेच्या हाडाचा एक्स-रे काढला. तिने तिसऱ्यांदा औषधाचं प्रमाण तपासलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, एवढं तर मानसांना पण करत नाय. सिन्नरच्या पूर्वेला महामार्गावर कुठल्याशा गाडीने उडवलेला तो नर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत मेला. हर्षालीने डबा झाकला आणि हातमोजे चढवले.

नायट्रोजन नव्हता. टाकी आली होती, नवी कोरी, अजून पेटीतच होती. ती भरून घ्यायची मंजुरी यायची होती. तेव्हा ड्रायव्हरला आठवलं की रस्त्यावर पडलेला लांडगा ज्याने सगळ्यात आधी कळवला, तो माणूस गाई भरवणारा, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा होता आणि त्याच्या मोटारसायकलला मागे नायट्रोजनचा जार बांधलेला होता.

पुंजाराम तासाभरात आला. सिन्नरकडच्या सात-आठ गावांत त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. गाय माजावर आली की लोक आधी त्याला फोन लावत, मग वैरण टाकत. त्याने जार उतरवला, रुमालाने हात पुसले आणि रिकाम्या आवाराकडे बघून विचारलं,

“मॅडम, माजावर कोण आलंय?”

हर्षालीने चादर उचलून दाखवलं.

“हाच. मी गाडी थांबवली तेव्हा माझ्याकडं बघत होता,” पुंजाराम म्हणाला, आणि चादर त्यानेच परत नीट ओढली.

मग तो बाजूला उभा राहून बघत राहिला. हर्षालीने काढलेल्या ऊतींचे बारीक तुकडे केले, द्रावणात धुतले, काचपट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. थेंब हलत होता. अंड्याच्या बलकाचं द्रावण घालून तिने ते प्लास्टिकच्या बारीक, रंगहीन नळ्यांत, म्हणजे कांड्यांत ओढलं. एकेका कांडीवर बारीक अक्षरात नाव, तारीख, ठिकाण लिहिलं. थर्मोकोलच्या खोक्यात नायट्रोजनच्या वाफेवर त्या आडव्या ठेवल्या आणि मग एकदम बुडवल्या. पुंजाराम म्हणाला, आमच्याकडं कांड्या तयार येतात, भरताना आज पहिल्यांदा बघतोय. सगळ्या मिळून मूठभर कांड्या झाल्या. माळावरचा एक आख्खा नर मुठीत मावला.

त्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न उरला. पुंजारामच्या गावी डेअरीची नायट्रोजनची गाडी ठरल्या वाराला येत असे. केंद्राच्या टाकीची मंजुरी येईपर्यंत कांड्या त्याच्याकडेच राहू देत, असं ठरलं. केंद्रप्रमुख डॉ. महेश सोनजे यांनी फोनवर परवानगी दिली आणि फोन ठेवता ठेवता एक वाक्य जोडलं: कागदावर मात्र त्या केंद्रातच दाखव.

पुंजारामच्या ओसरीवर मोठी टाकी होती. तिच्या शेजारी त्याची आई कलाबाई शेंगा फोडत बसलेली असे, त्यामुळे टाकीला राखण आपोआप होई. गिऱ्हाइकांनी आगाऊ सांगून राखून ठेवलेल्या भारी कांड्याही त्यातच असत. लांडग्याच्या कांड्या त्यात सोडायला त्याने झाकण उचललं तेव्हा कलाबाईने विचारलं, कोणत्या बैलाच्या. त्याने खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच थांबली असती.

कलाबाईने झाकणावर हात ठेवला.

“गाईंच्या शेजारी लांडगा ठेवतो का, पुंजा?”

तो म्हणाला, गोठलेलं आहे, प्लास्टिकात बंद आहे, कशाचा कशाला हात लागत नाही.

“मेलेला हाय का?”

“मेला कसा? जिता हाय म्हणून तर ठेवायचा.”

“मेला असता तर ठेव म्हनले असते,” कलाबाई म्हणाली. “तूच म्हनतो जिता हाय. उद्या एक गाय फळायची नाय, मग लोक तुला इचारतील का मला?”

या युक्तिवादाला पशुवैद्यक महाविद्यालयातही उत्तर सापडलं नसतं. पुंजारामने मागच्या खोलीतला जुना जार काढला. त्याच्या मानेला पोचा आला होता, पण धरत होता. त्यात नायट्रोजन ओतला, लांडगा त्यात सोडला आणि जार कणगीमागे ठेवला. रोज सकाळी निघताना तो लाकडी पट्टी बुडवून पातळी बघे. पट्टीवर गोठलेली पांढरी रेघ जिथवर चढेल तिथवर माल सुखरूप.

नवरात्रात घरातले सगळे वणीला गडावर गेले. नवस जुना होता, जावयाने गाडी आणली होती, येताना एक मुक्काम वाढला. परत आल्यावर पुंजारामने पट्टी बुडवली. ती कोरडीच वर आली. जुना जार त्याला वाटत होता त्यापेक्षा लवकर आटत होता. हाताला कांड्या मऊ लागल्या, शिजलेल्या शेवयांसारख्या.

तो कणगीला टेकून बसला. त्याच्या धंद्यात याला एक रीत होती आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. गिऱ्हाइकाचा माल आपल्या जारात खराब झाला तर गिऱ्हाइकाकडे जाऊन रडायचं नाही. तितक्याच कांड्या, त्याच तोलाच्या किंवा वरच्या, गुपचूप भरून द्यायच्या. या रीतीमुळेच सात-आठ गावं त्याच्या टाकीत डोळे मिटून माल ठेवत. लांडगा आणि बैल यांतला फरक त्याला कळत नव्हता असं नाही. पण लांडगीण कोणी दारात बांधलेली नव्हती. पुढे काय होणार तेही त्याने पाहिलेलं होतं: डेअरीचे साहेब येतात, एक कांडी वितळवतात, काचेतून बघतात, हललं की सही करतात. हलणारा माल द्यायचा होता. त्याने मोठ्या टाकीतून सगळ्यात भारी, कालवडीच्या कांड्या मोजून काढल्या. वासरू बहुतेक मादीच व्हावं अशा त्या खास कांड्या, गुलाबी रंगाच्या. त्या कोणासाठी राखलेल्या होत्या, हा विचार त्याने तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

मॅडमला त्याने सांगितलं नाही. सांगितलं तर भरून दिल्याला अर्थ काय राहिला.

दिवाळीनंतर संस्थेची माणसं आली. त्यांच्या प्रमुख मोहिनीबाई मुंबईच्या होत्या. साधी सुती साडी, महागडे बूट, आणि कोणतीही गोष्ट समजून घ्यायची खरीखुरी हौस. पुंजाराम सकाळीच नव्याने भरलेला जार पोचवून, गाय खोळंबलीय म्हणून निघून गेला होता. झाकण उघडून आत बघण्याचं काही कारण नव्हतं. गोठलेली कांडी उगाच वर काढली की तिचं नुकसान होतं, म्हणून या कामात कोणीच खात्री करायला कांडी वर काढत नाही.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. हर्षालीने चिमट्याने एक कांडी उचलली आणि कोमट पाण्यात सोडली. कांडीवरचं बर्फ विरघळलं. खालून गुलाबी रंग निघाला, आणि गुलाबी रंगावर छापील अक्षरं. बैलाचा क्रमांक, जात, भरल्याचं ठिकाण.

कांडी पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तिच्याजवळ होता. तिने ती नेहमीपेक्षा थोडी जास्त पुसली. मोहिनीबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या, महेश सर घड्याळाकडे. हर्षालीने छापील बाजू तळहाताकडे वळवली, टोक कात्रीने कापलं आणि थेंब काचपट्टीवर सोडला.

मोहिनीबाई वाकल्या. बराच वेळ वर उठल्या नाहीत.

“हे पोहतायत,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता. “तो गेला, आणि हे अजून पोहतायत.”

मग महेश सर बसले. त्यांनी स्क्रू अर्धा वळसा पुढे घेतला, अर्धा मागे. संस्थेतल्या दुसऱ्या गृहस्थांनी फोन काढला, भिंगाला लावून फोटो घेता येईल का असं विचारलं. सरांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“उष्णतेने मरतात हो,” ते म्हणाले. “गती उत्तम आहे. बोरस्ते मॅडमनी एकटीने उभं केलंय हे.”

जेवणात मोहिनीबाईंनी हर्षालीला शेजारी बसवलं आणि लांडग्याविषयी विचारलं. त्याचं वय काय असेल, त्याची मादी कुठे असेल. हर्षालीने जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

गाडी द्वारका चौकाच्या दिशेने गेल्यावर ती महेश सरांच्या खोलीत गेली. ते बेसिनवर आपला डबा धूत होते. तिने दार लावून घेतलं.

“सर, ते लांडग्याचे नव्हते.”

“माहीत आहे.” त्यांनी डब्याचं झाकण उलटं करून निथळायला ठेवलं. “इथे येण्याआधी मी बारा वर्षं वळूच्या केंद्रात होतो, हर्षाली. सकाळ-संध्याकाळ तेच बघायचो. एक वेळ घरच्यांचे चेहरे चुकतील.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोललीस?”

बेसिनचा नळ थोडा गळत होता. सरांनी तो दाबून बंद केला, तरी गळतच राहिला.

“टाकीची मंजुरी आलीय,” ते म्हणाले. “आता माल बाहेर ठेवायला नको. पुढचा मेला की नीट भर.”

दुसऱ्या दिवशी ती पुंजारामच्या ओसरीवर होती. रस्ताभर तिने बोलणं जुळवत आणलं होतं. ते सुरू करायच्या आधीच त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं, न अडखळता. गड, जार, पट्टी, शेवया.

“मला एक फोन करायचा ना, भाऊ.”

“माझ्या घरात तुमचा माल गेला, मॅडम. भरून द्यायचं माझ्याकडं आलं.”

“पण तो बैल आहे.”

“लांडगा मी कुठून आनू?” तो म्हणाला. “होतं त्यातलं भारी दिलं.”

त्यावर तिला राग आणायचा होता, तो आला नाही. मऊ झालेल्या कांड्या त्याने टाकल्या नव्हत्या. दोऱ्याने बांधून जाराच्या झाकणात ठेवल्या होत्या. त्यांवरची तिची बारीक अक्षरं अजून वाचता येत होती. तिने एक काचपट्टीवर घेऊन बघितली असती तर काय दिसलं असतं, हे तिला न बघता कळत होतं. कलाबाई चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता तिने एवढंच विचारलं की तो घरातून एकदाचा गेला ना.

तो गेला होता. तो केंद्राच्या नव्या टाकीत गेला होता, गुलाबी रंगात, ‘लांडगा, नर, सिन्नर’ या पट्टीखाली. तो तिथून काढायचा म्हणजे आधी का काढला याचा कागद करावा लागला असता, आणि तो कागद कोणीच केला नाही. हर्षालीने दोनदा टाकीचं झाकण उचललं आणि दोनदा परत ठेवलं. माघात आदेश आला. प्रकल्प वाढला. तिच्या दारावर पाटी लागली. पोल्ट्रीवाल्या मालकाचा फोन आला तेव्हा तिने तो तिसऱ्या रिंगला उचलला, कामात असल्यासारखा. मोहिनीबाईंच्या संस्थेच्या अहवालात लांडग्याला पहिलं पान मिळालं. मार्चमध्ये वनदिनाला पुंजारामचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याने शाल घडी करून आईच्या अंगावर टाकली, आणि कशाबद्दल दिली हे कलाबाईने विचारलं नाही.

त्यानंतरचा पावसाळा सरताना हर्षाली त्याच माळावर होती. झाडांना कॅमेरे बांधून लांडग्यांचा माग काढायचं काम होतं. गावाबाहेरच्या वस्तीजवळ एका बाईने जीपला हात केला. जनावरांची डॉक्टरीण आलीय, हे तिला कुठून तरी कळलं होतं. ती भागीबाई. नवरा नव्हता, लेकरू नव्हतं. एक म्हातारी होत चाललेली गाय होती आणि तिच्या दुधावर तेल-मीठ चाले.

गोठ्यात एक वासरू पाय दुमडून पडलं होतं. त्याच्या बेंबीला सूज होती. हर्षाली गुडघ्यावर बसली. जखम धुता धुता तिने सवयीने विचारलं, किती दिवसांचं, पहिल्या दिवशी चीक पाजला होता का.

“सगळं केलं ताई,” भागीबाई म्हणाली. “पन गोऱ्ह्याला करून काय? आता नांगराला कोनी लावीत नाय, इकायला गेलं तर कोनी घेत नाय.”

हर्षाली म्हणाली, नर झाला तो नशिबाचा भाग.

“नशीब कशाचं? गाय म्हातारी झाली, पोटची कालवड मागं राहावी म्हनून मी पुंजारामला आधीच सांगून ठेवलं व्हतं. कालवडीच्या कांड्या राख माझ्यासाठी. एक ना दोन, पार गाय फळस्तोवर. हो म्हनला. अन् गाय माजावर आली तर म्हनतो, त्या सगळ्या एका सायबाच्या कामाला गेल्या.” तिने वासराच्या कानामागे खाजवलं. “तो तरी काय करील. सायबाला नाय म्हनता येतं का? मग साधी लावली. झाला हा.”

हर्षालीचा हात वासराच्या पोटावर होता तिथेच राहिला. मग तिने आयोडीन लावलं, इंजेक्शन दिलं, उरलेलं मलम भागीबाईच्या हातात ठेवलं. गाय अजून एकदा फळेल का, असं भागीबाईने विचारलं. हर्षालीने गाईचे दात बघितले, कास बघितली, आणि नाही म्हणाली. हे मात्र तिने चटकन सांगितलं.

ती निघाली तेव्हा भागीबाई धावत जीपपाशी आली. तिच्या हातात दुधाची बाटली होती, वर कापडाचा बोळा. हर्षालीने नको म्हटलं, काचही वर घ्यायला लागली. भागीबाईने बाटली तिच्या मांडीवर ठेवली. डॉक्टरला रिकाम्या हाती पाठवलेलं तिच्या घरात चालत नव्हतं.

वस्तीवरच्या लोकांना तो लांडगा ठाऊक होता. त्याने कधी भागीबाईच्या गोठ्याकडे तोंड केलं नव्हतं. मेल्यानंतर मात्र त्याच्या नावावर एक कालवड खर्ची पडली. ती भागीबाईने भरली, आणि वर बाटलीभर दूध.